वीजतंत्रीची लॅब अद्ययावत करायची आहे, पण आधी काय घ्यावं?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी आयटीआयमध्ये तुम्ही वीजतंत्रीचे निदेशक म्हणून नव्याने रुजू झालात. वर्कशॉपमधलं सामान पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं आहे. संस्था यंदा साधारण दोन लाख खर्च करायला तयार आहे आणि पुरवठादाराने तीन किट सुचवले आहेत: पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा कॉम्प्युटर) ट्रेनर, सोलर ट्रेनर आणि ‘स्मार्ट होम’ ट्रेनर. यातलं काय घेतलं म्हणजे पोरं वाळूजला कंपनीत गेल्यावर मागे पडणार नाहीत, हे तुम्हाला हवं आहे.

मी आधी वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, नंतर निदेशक झालो आणि अजून शिकवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: या वर्षी तिन्हींपैकी एकही घेऊ नका.

किट वाईट असतं असं नाही. पण तुमची अडचण सामान जुनं असण्याची नाही. इंडक्शन मोटार आजही तशीच फिरते, कॉन्टॅक्टर (मोटारीचा सप्लाय जोडणारा चुंबकी स्विच) तसाच ओढतो. अडचण ही की आपल्याकडे दिवा लागला किंवा मोटार फिरली की प्रॅक्टिकल संपतं. मुलगा आकृती बघून जोडणी करतो, आपण सप्लाय देतो, मोटार फिरते, जर्नलवर सही होते. दोन वर्षांत त्याच्यासमोर बिघडलेली वस्तू एकदाही येत नाही, आणि कंपनीत त्याला पहिल्या दिवसापासून बिघडलेल्या वस्तूसाठीच बोलावतात. मेंटेनन्सला असताना नवी अप्रेंटिस पोरं यायची. स्टार-डेल्टाची (मोटार आधी कमी करंटवर उचलून मग पूर्ण चालवणाऱ्या जोडणीची) आकृती डोळे मिटून काढायची. पण ट्रिप झालेल्या पॅनलसमोर उभं केलं की पहिला हात ओव्हरलोड रिलेच्या (मोटार जादा करंट घेऊ लागली की ती बंद करणाऱ्या उपकरणाच्या) रिसेट बटनावर. ट्रिप का झाला, तिन्ही फेजचा करंट किती होता, रिले किती अँपिअरला लावलाय, हे विचारायचं असतं हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसायचं. किट आणून यात फरक पडत नाही, कारण किटवरही शेवटी आकृती बघून पिना खोचायच्या असतात.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. संस्थेत थ्री फेज सप्लाय आहे का आणि मंजूर भार किती? बऱ्याच खासगी संस्थांत कागदावर थ्री फेज असतं, वर्कशॉपपर्यंत मात्र एकच फेज धड येतो. दुसरं, तुमची पोरं जातात कुठे? छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जात असतील तर वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या, म्हणजे ड्राइव्ह (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण), सेन्सर, पीएलसी. जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल, म्हणजे मोठ्या मोटारी आणि क्रेन. बीड, परभणी, हिंगोलीकडे साखर कारखाने, जिनिंग, आणि सगळ्यात जास्त शेतीचे पंप. वर्गातल्या वीस जणांपैकी वाळूजला जाऊन टिकणारे किती आणि तालुक्यातच स्टार्टर, मोटार, घरचं वायरिंग करून पोट भरणारे किती, हे मागच्या दोन तुकड्यांना फोन करून विचारा. त्या उत्तरावर तुमची खरेदी ठरली पाहिजे. तिसरं, सरकारी संस्थांना आधुनिकीकरणासाठी पैसा मिळण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. केंद्राची पीएम-सेतू योजना १,००० सरकारी आयटीआयसाठी आहे. तुमचे दोन लाख हे तुमचेच दोन लाख, ते जपून वापरायचे.

पहिला खर्च वर्कशॉपच्या स्वतःच्या मेन पॅनलवर करा. हा खर्च दिसत नाही, म्हणून व्यवस्थापनाला पटवणं जड जाईल. पण पुढे मी जे सांगणार आहे त्यात पोरं चालू सप्लायवर मोजमाप करणार आहेत, आणि त्यासाठी प्रत्येक टेबलाला वेगळी एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पडणारा स्विच) हवीच. टेबलांच्या रांगेला एक आणि तुमच्या हाताशी एक असं लाल इमर्जन्सी बटन हवं. मेन आयसोलेटरला कुलूप लावता आलं पाहिजे आणि किल्ली जो काम करतोय त्याच्या खिशात. पॅनलसमोर आयएस १५६५२ चा शिक्का असलेली रबर मॅट घ्या, बाजारात नुसतं काळं रबरही मॅट म्हणून विकतात. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन दारातच काढून ठेवायची, चपलेवर आत प्रवेश नाही. सप्लाय बंद आहे याची खात्री करायची पद्धत पहिल्या आठवड्यातच अंगवळणी पाडा: टेस्टर आधी चालू जागेवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या जागेवर, मग परत चालू जागेवर. नुसत्या निऑन टेस्टरवर भरवसा ठेवून हात घालणारे वायरमन तुम्ही-मी दोघांनीही पाहिलेत.

दुसरा खर्च मीटरवर. दोघांत एक मल्टिमीटर हवा, कॅट थ्री ६०० व्होल्टचा (हा मीटरचा सुरक्षा-दर्जा), आतला फ्यूज योग्य रेटिंगचा असलेला. स्वस्तातले पिवळे मीटर घरच्या सेलवर ठीक, ४१५ व्होल्टच्या पॅनलवर नकोत. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर दोन-तीन घ्या, त्यातला एक तरी सुरुवातीचा करंट पकडणारा असू द्या. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे मेगर, दोन, अर्थ टेस्टर एक. हे सगळं एका बऱ्या पीएलसी किटच्या पैशात बसतं आणि रोज वापरात राहतं. किट मात्र बहुतेक संस्थांत निरीक्षणाच्या दिवशीच कव्हरमधून बाहेर निघतो.

मीटर आले की वायरिंगचं प्रॅक्टिकल तेच ठेवा, शेवट बदला. जिन्याचं वायरिंग झालं की लगेच सप्लाय द्यायचा नाही. आधी कंटिन्युइटी, मग फेज स्विचमधूनच गेलाय ना ते, मग फेज-न्यूट्रल जोडून घेऊन अर्थशी इन्सुलेशन. १ मेगाओमपेक्षा कमी आलं तर सप्लाय नाही, चूक शोधायची. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढायला लावा. न काढता लावला तर रीडिंग चुकतं आणि ५०० व्होल्ट डीसीने ड्रायव्हर जळतोही. चोक-स्टार्टरची ट्यूब अजून शिकवत असाल तर एका दिवसात उरका. आता ती दुरुस्तीला येत नाही.

आरसीसीबीचं प्रॅक्टिकल मी असं घेतो. बंद डब्यात १० वॉटचे दोन वायरवाउंड रेझिस्टन्स बसवलेत, एक २२ किलोओमचा, दुसरा ६.८ किलोओमचा. प्रत्येकाला एक स्प्रिंगचं पुशबटन, म्हणजे बोट काढलं की सर्किट तुटतं. डबा आरसीसीबीनंतरच्या फेज आणि अर्थमध्ये लावायचा. पहिलं बटन दाबलं की साधारण साडेदहा मिलिअँपिअर गळती होते, आरसीसीबी ट्रिप होता कामा नये. दुसरं दाबलं की सुमारे ३४ मिलिअँपिअर, ती झटक्यात पडलीच पाहिजे. दाबण्याआधी पोरांनी करंट कागदावर काढायचा आणि काय होईल ते लिहायचं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते, हेही त्यांना तेव्हाच सांगायचं. मग पुढचा भाग: दोन सर्किटचे न्यूट्रल मुद्दाम एकमेकांत मिसळून ठेवायचे आणि लोड चालू करायला लावायचा. आरसीसीबी पडते, गळती कुठेच नाही, इन्सुलेशन चांगलं. पोरं चक्रावतात. घरोघरी इन्व्हर्टर बसवल्यावर नेमकं हेच होतं. इन्व्हर्टरचं न्यूट्रल आणि मेनचं न्यूट्रल एक केलेलं असतं, आरसीसीबी पडत राहते, आणि गावातला वायरमन वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. तुमच्या विद्यार्थ्याला न्यूट्रल वेगळं करता आलं तर तालुक्यात त्याला काम कमी पडणार नाही.

आता मुख्य गोष्ट, फॉल्ट पॅनल. हा विकत घेऊ नका, दुसऱ्या वर्षाच्या पोरांकडून बनवून घ्या. अँगलच्या फ्रेमवर जाड प्लायवूड, त्यावर तीन कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, स्टार्ट-स्टॉप बटन, इंडिकेशन दिवे: साधा स्टार-डेल्टा. कॉन्टॅक्टर २४ व्होल्ट कॉइलचे घ्या आणि कंट्रोल सर्किटला २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्या. यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलालाही चालू कंट्रोल सर्किटवर मीटर लावून फॉल्ट शोधता येतो, मोटारीचा सप्लाय तेवढा वेळ कुलूपबंद. हात बसला की दुसऱ्या वर्षी ४१५ व्होल्टच्या पॅनलवर न्या.

पॅनलच्या मागे एक कुलपाचा डबा, त्यात दहा-बारा टॉगल स्विच. प्रत्येक स्विच कंट्रोल सर्किटमधली एक वायर तोडतो. होल्डिंगचा कॉन्टॅक्ट (स्टार्टवरून बोट काढल्यावरही मोटार चालू ठेवणारा), ओव्हरलोडचा एनसी (एरवी जोडलेला असणारा) कॉन्टॅक्ट, टायमरचा बदलणारा कॉन्टॅक्ट, स्टारच्या कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक (स्टार आणि डेल्टा एकाच वेळी लागू न देणारा), डेल्टाची कॉइल. दोन नियम पाळा. फॉल्ट फक्त तुटण्याचे ठेवायचे, शॉर्टचे नाहीत. आणि अर्थची वायर कुठल्याही स्विचमधून न्यायची नाही, सरावासाठीसुद्धा नाही.

समजा एक स्विच पाडला. मुलगा समोर उभा राहतो, स्टार्ट दाबतो, मोटार फिरते. बोट काढलं की थांबते. बहुतेक जण लगेच स्क्रूड्रायव्हर उचलतात. त्यांना थांबवा आणि विचारा, यात काय काय ठीक आहे? मोटार फिरली म्हणजे फ्यूज ठीक, पॉवर सर्किट ठीक, कॉइल ठीक, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट ठीक, स्टॉप बटन ठीक. उरलं काय? स्टार्ट बटनाच्या समांतर असलेला मेन कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट आणि त्याच्या दोन वायरी. मीटर न लावता पॅनलचा बहुतेक भाग निर्दोष ठरला. मग मीटर लावून दोन रीडिंगमध्ये काम संपतं. दुसरा फॉल्ट: स्टारमध्ये उचलते, टायमरचा वेळ झाला की स्टार सुटतो आणि मोटार हळूहळू थांबायला लागते. म्हणजे डेल्टा ओढत नाही. आता डेल्टाच्या कॉइलवर २४ व्होल्ट येतात का? येत असतील तर कॉइल तुटली. येत नसतील तर मागे मागे जात बघायचं, टायमरच्या कॉन्टॅक्टनंतर आहेत का, स्टारच्या इंटरलॉकनंतर आहेत का. जिथे व्होल्ट नाहीसे होतात तिथे फॉल्ट. ओममध्ये मोजायचं असेल तर आधी सप्लाय बंद, हा नियम इथेच ठसतो.

कागदावर चार रकाने करून द्या: लक्षण, संशय, मोजमाप, निष्कर्ष. संशयाचा रकाना भरल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही. सुरुवातीला पोरं कंटाळतात, पण याच सवयीने पुढे मुलाखतीत ती बोलू लागतात. जोडीत काम द्या, एक मोजेल, एक लिहील, पुढच्या फॉल्टला उलट. मुलींच्या हाती लिहिण्याचंच काम जातं असं दिसलं तर अदलाबदल तुम्ही स्वतः करा, आपोआप होत नाही.

याच पॅनलवर ओव्हरलोड रिलेचं सेटिंग शिकवून घ्या. ५ एचपीची थ्री फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण सात-साडेसात अँपिअर घेते. स्टार-डेल्टामध्ये रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये बसवला असेल तर तिथून लाइन करंटच्या ५८ टक्केच जातो, म्हणजे सेटिंग चार-सव्वाचारच्या आसपास. नेमप्लेटचा आकडा तसाच रिलेवर लावला की संरक्षण नावालाच उरतं. शेतातल्या स्टार्टरमध्ये तर रिले शेवटच्या टोकाला फिरवून ठेवलेला असतो, ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून.

शेतीच्या पंपाकडे आता थोडं विस्ताराने येतो, कारण तुमच्या भागात पोरांना सर्वांत जास्त काम तिथेच आहे आणि आपण ते प्रयोगशाळेत आणतच नाही. रात्रीच्या पाळीला लाईट येते, फीडरच्या टोकाला व्होल्टेज पडलेलं असतं, मधेच डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एखादा फ्यूज उडतो आणि मोटार दोन फेजवर घरघरत राहते. सकाळी ती रिवाइंडिंगच्या दुकानात. प्रयोगशाळेत १ एचपीची मोटार थोडा लोड देऊन चालवा, ओव्हरलोड नीट लावा, आणि चालू असताना एक फेज आयसोलेटरने काढा. मोटार थांबत नाही, आवाज बदलतो. क्लॅम्प मीटरवर उरलेल्या दोन फेजचा करंट पूर्ण लोडजवळ सुमारे पावणेदोन पट होतो. रिले किती सेकंदांत पडला ते घड्याळावर मोजा. मग मोटार थांबवून दोनच फेजवर चालू करायचा प्रयत्न करा, क्षणभरच. ती नुसती गुरगुरते, उचलत नाही. एवढं पाहिल्यावर सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर कशाला असतो हे फळ्यावर समजावत बसावं लागत नाही. काही शेतकरी कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवतात, त्याने मोटार का तापते तेही याच वेळी बोला.

व्होल्टेजचंही तसंच. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट आले तर टॉर्क ६३ टक्क्यांवर येतो, पाणी मात्र तेवढंच उपसायचं असतं, म्हणून मोटार जास्त करंट ओढते. महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. का सांगतं हे मोजून दाखवता येतं. स्टार्टरला डायरेक्ट मोटार चालू करून सुरुवातीचा करंट पकडा, पूर्ण लोडच्या पाच-सहा पट येतो. मग विचारा, एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईट आल्याबरोबर ऑटोस्विचने एकदम चालू झाल्या तर डीपीचं काय होईल? कपॅसिटरसाठी ५ एचपीला २ केव्हीएआरच्या आसपास लावा आणि करंट दोन ठिकाणी मोजा, कपॅसिटरच्या आधी आणि कपॅसिटर ते मोटार. आधीच्या वायरमधला कमी होतो, मोटारीतला तेवढाच राहतो. ‘कपॅसिटरने मोटार कमी करंट घेते’ हा गैरसमज तिथल्या तिथे जातो.

आणि एक जवळपास फुकटचं साधन सांगतो: जळालेली मोटार. तुमच्या तालुक्यात रिवाइंडिंगची दुकानं असतीलच. तार काढायच्या आधीचे जळालेले स्टेटर दोन-चार दिवसांसाठी मागून आणा, लहान-मोठे पण जमिनीवरच्या मोनोब्लॉकचे, सबमर्सिबलचे नकोत. तिन्ही फेजची गुंडाळी सारखी काळी पडली असेल तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा थंडावा कमी पडला. स्टार जोडणीत दोन फेज जळाले आणि एक लख्ख राहिला तर सिंगल फेजिंग. डेल्टा असेल तर उलटं, एकच फेज जळतो, दोन वाचतात. एका जागी ठिणगी लागल्यासारखा डाग असेल तर इन्सुलेशनचा दोष किंवा वेढ्यांत शॉर्ट. पोरांना स्टेटर हातात द्या, कारण लिहायला लावा, मग दुकानदाराला बोलावून त्याचं मत घ्या. तो चहावर येतो आणि दोन तास बोलतो. या लोकांना आपण पाहुणे व्याख्याते म्हणून कधी बोलावत नाही, ही आपली गंमतच आहे.

अर्थिंगसाठी आपला खड्डाच वापरा. अर्थ टेस्टर घेऊन मे महिन्यात मोजा आणि ऑगस्टमध्ये परत मोजा, भिंतीवर तक्ता लावा. करंटची खुंटी तीसेक मीटरवर, व्होल्टेजची त्याच्या ६२ टक्क्यांवर, आणि ती थोडी पुढे-मागे सरकवून आकडा स्थिर आहे का ते बघायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, रेझिस्टन्स चढतो. पुस्तकातला एक आकडा पाठ करण्यापेक्षा हा फरक जास्त शिकवून जातो.

आता ड्राइव्ह, पीएलसी, सोलर. ड्राइव्ह लवकर घ्या. १ एचपीचा सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्हच, तुमच्या बजेटमध्ये बसतो आणि थ्री फेज सप्लाय धड नसला तरी चालतो. फक्त त्याचं आउटपुट २३० व्होल्ट थ्री फेज असतं, म्हणून मोटार सहा टर्मिनल बाहेर असलेली घ्या आणि नेमप्लेट बघून डेल्टात जोडा. लहान मोटारी ४१५ साठी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या येतात. ड्राइव्हवर तीन गोष्टी पक्क्या झाल्या पाहिजेत. सप्लाय बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात, मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ, साधारण पाच ते दहा मिनिटं, थांबल्याशिवाय हात घालायचा नाही. मोटारीला मेगर लावण्याआधी ड्राइव्हच्या वायरी सोडवायच्या. आणि आउटपुटवर साध्या मीटरचं रीडिंग भलतंच येतं. त्यात मीटर बिघडलेला नसतो, तिथला व्होल्टेजच तुकड्या-तुकड्यांचा असतो.

पीएलसी कॉम्प्युटरवर फुकटच्या सिम्युलेटरने सुरू करा. लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत) जमली की एकच छोटा पीएलसी घ्या आणि तोच स्टार-डेल्टा पॅनल त्यावर न्या. पॉवर सर्किट तसंच, फक्त टायमर आणि होल्डिंग प्रोग्रॅममध्ये. स्टार आणि डेल्टाचा इंटरलॉक मात्र वायरमध्येही ठेवा, आणि इमर्जन्सी बटन पीएलसीच्या भरवशावर सोडू नका. पीएलसीने कोणतं काम उचललं आणि कोणतं नाही हे मुलाला असं दिसतं. संभाजीनगर-वाळूजकडे मशीन मोडीत काढणाऱ्यांकडे जुने पीएलसी, सेन्सर, पॅनल मिळतात. तुमचा एखादा माजी विद्यार्थी तिथे मेंटेनन्सला असेल तर त्याला विचारा, चांगलं काय ते तो निवडून देईल.

सोलरचा ट्रेनर म्हणजे टेबलावर छोटं पॅनल आणि त्यावर हॅलोजन. ते नको. आपल्याकडे ऊन फुकट आहे. एक-दोन मोठी पॅनल गच्चीवर ठेवा, सकाळी आठला आणि दुपारी एकला ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट मोजा, पॅनलच्या पाठीमागचं तापमानही घ्या. दुपारी करंट वाढतो पण व्होल्टेज उतरतो, कारण सेल तापतात. पॅनलवरचे आकडे २५ अंशाला दिलेले असतात. एप्रिलमध्ये सेल ६५ अंशांवर गेला तर दर अंशाला ०.३ टक्के धरून साधारण १२ टक्के व्होल्टेज कमी मिळतो. धूळ पुसून परत मोजा, एका सेलवर पुठ्ठा धरून मोजा. डीसीचा आर्क आपोआप विझत नाही, म्हणून लोड चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, हे एका पॅनलवर असतानाच शिकवा. पंपाच्या स्ट्रिंगला शेकडो व्होल्ट असतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतले ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप गावोगाव बसताहेत, आणि कंट्रोलरवर एरर आली की शेतकरी कोणाला तरी फोन करणारच. तो फोन तुमच्या विद्यार्थ्याला यावा. ‘स्मार्ट होम’चा किट मात्र मी सरळ नाकारेन. अ‍ॅपवरून दिवा लावणं पोरं तुमच्या आधी शिकतात.

तर खर्चाचा क्रम असा: मेन पॅनल, मग मीटर, मग फॉल्ट पॅनलचं सामान, मग ड्राइव्ह. दोन लाख इथेच संपतील. पीएलसी आणि सोलर पुढच्या वर्षी.

अभ्यासक्रमाची काळजी तुम्हाला वाटत असेल. डीजीटीची (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची) प्रॅक्टिकलची यादी आणि साहित्याची यादी पाळावीच लागते, निरीक्षणाला तेच बघतात, आणि परीक्षाही त्यावरच असते. पण वर सांगितलेलं जवळपास सगळं त्या यादीतल्याच प्रॅक्टिकलला जोडता येतं. स्टार-डेल्टाची जोडणी एक दिवस, दुसऱ्या दिवशी त्याच जोडणीवर फॉल्ट. जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, कृती राहू द्या, पण कृती उतरवून काढण्याला लागणारा वेळ निम्मा करा आणि तो रीडिंगच्या तक्त्याला द्या. उसतोडीच्या हंगामात तुमच्याकडे हजेरी कमी होत असणार. जे महत्त्वाचे फॉल्ट आहेत ते दिवाळीनंतर एकदाच घेऊन न थांबता, हंगाम संपल्यावर परत एकदा फिरवून घ्या, म्हणजे घरच्यांबरोबर गेलेला मुलगा कायमचा मागे राहत नाही.

व्यवस्थापनाशी बोलताना किटच्या कोटेशनसोबत मीटरची कॅलिब्रेशन, फ्यूज, लग, वायर, बटनं यांचा वर्षाचा खर्चही मांडा. फॉल्ट पॅनल रोज वापरला तर सामान झिजणार, आणि ‘गेल्या वर्षीच तर घेतलं’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार.

संस्थेचा मंजूर भार, चालू स्थितीतल्या मोटारी किती आणि किती एचपीच्या, आणि तुकडीत किती जण, एवढं कळवा. त्यावरून फॉल्ट डब्याची आकृती आणि कॉन्टॅक्टरची रेटिंग काढून देतो. मोटारींच्या नेमप्लेटचे फोटो पाठवलेत तर आणखी बरं.